घास खाली उतरेना

आबांच्या जिभेवर पांढरं दिसायला लागलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे त्याचं एकेक कारण तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झालीय, तोंड आलंय. नवरा म्हणाला, रात्री दूध पिऊन झोपतात, त्याचीच साय धरते. शेजारच्या काकूंना पोट साफ नसल्याचा संशय. मी चाकणजवळ म्हाळुंग्याला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर पार्टवरचे डाग, ओरखडे, बारीक छिद्रं बघते. डाग दिसला की पुसून बघायचा, ही सवय हाताला लागलेली. पण सासऱ्यांच्या तोंडात बॅटरी मारून काय बघायचं, आणि दिसलं तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आबा पंचाहत्तरीला टेकलेत. दमा जुना, मधुमेह त्याहून जुना, वरची कवळीही आता बरीच जुनी. थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, पंपाचा डोस वाढला. छाती मोकळी झाली आणि तोंड बिघडलं. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, नवऱ्याची भोसरीला रात्रपाळी. औषधांचा डबा आपोआप माझ्या ताब्यात आला.

नेहरूनगरला आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत. त्यांनी आबांना तोंड उघडायला लावलं आणि गॉजच्या तुकड्याने गालाच्या आतला पांढरा थर पुसला. दह्याच्या कवडीसारखा तो निघून आला. खाली लालभडक, थोडं रक्त आलेलं. मी घाबरले, पण डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. "पुसलं जातंय, हे बरं आहे," ते म्हणाले. आबांनी आयुष्यभर तंबाखू मळलेली. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात न पुसला जाणारा पांढरा चट्टा असेल तर ती वेगळीच गोष्ट असते. तो कर्करोगाच्या आधीचा टप्पा असू शकतो आणि तिथला तुकडा काढून तपासावा लागतो. आपल्याकडे मिश्री आणि तंबाखू घरोघरी असताना हा साधा फरक मला चाळिशी जवळ येईपर्यंत माहीत नव्हता. म्हणून इथे आवर्जून लिहिते आहे. घरी खरवडून निदान करण्यासाठी हे नाही. "पांढरं काहीतरी आलंय" म्हणून महिनोन्‌महिने बसून राहू नये, यासाठी आहे.

मग त्यांनी कवळी काढायला सांगितली. टाळूवर कवळीच्या आकाराचा लाल ठसा उमटला होता, अगदी कडेपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "हीसुद्धा बुरशीच."

मी गोंधळले. पांढरं ती बुरशी, आणि लाल तीही बुरशीच?

हो, दोन्ही. कँडिडा नावाची ही बुरशी यीस्टच्या जातीची. ती कुठून बाहेरून येऊन बसलेली नसते. निम्म्याच्या आसपास निरोगी माणसांच्या तोंडात ती असतेच, कुणाला त्रास न देता. तोंडातले इतर जिवाणू, लाळ आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. यातला एखादा पहारा ढिला पडला की ती वाढते. कुठे पांढरे थर धरते, कुठे कवळीखाली नुसता लाल दाह करते, कुठे ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पाडते. आबांच्या ओठांचे कोपरेही फाटलेले होते. आम्ही त्यांना थंडीमुळे म्हणून तूप लावत होतो.

घरी आल्यावर पहिला प्रश्न नातवाचा निघाला. सासूबाईंनी आबांचं ताट-पेला वेगळा केला होता आणि माझ्या मुलाला त्यांच्या जवळ जायला मनाई केली होती. आबा काही बोलले नाहीत, पण ते मुलाकडे बघायचंच टाळू लागले. मी डॉक्टरांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, धडधाकट मुलाला आजोबांच्या मांडीवर बसून हे होत नाही, खुशाल बसू द्या. त्या एका उत्तराने घरातलं वातावरण जितकं हलकं झालं तितकं कुठल्याच औषधाने झालं नाही.

औषध होतं क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट. छोटीशी बाटली. त्यावर "लावावे" एवढंच. कसं लावावं? मला वाटलं होतं, सकाळ-संध्याकाळ चार थेंब जिभेवर टाकले की झालं. तसं ते नाही. ही औषधं अंगात फारशी शोषली जात नाहीत, जिथे लागतील तिथेच काम करतात. म्हणजे ती बुरशीला चिकटून राहिली पाहिजेत. खाऊन झालं की आधी चूळ, मग स्वच्छ बोटाने किंवा कापसाने गालाच्या आत, जिभेवर, टाळूला, हिरड्यांच्या कडेला औषध फिरवायचं. त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. दिवसातून तीन-चार वेळा. आणि थर दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस चालू ठेवायचं, कारण डोळ्याला दिसत नाही म्हणजे गेली असं होत नाही. कवळी तोंडात ठेवून लावलं तर टाळूला औषध पोचतच नाही. कवळीचं प्लॅस्टिक सच्छिद्र असतं, बुरशी त्यावर घर करते. तोंड बरं केलं आणि तीच कवळी तशीच चढवली तर पुन्हा पहिले पाढे. म्हणून रोज ब्रशने घासणं, दंतवैद्यांनी दिलेल्या द्रावणात भिजवणं आणि रात्री काढून ठेवणं. आबा कवळी घालूनच झोपायचे. दात नसलेला आपला चेहरा सासूबाईंनासुद्धा दाखवायला त्यांना संकोच वाटायचा. ती सवय मोडायला मला आर्जवं करावी लागली.

सासूबाईंनी मधातून टाकणखार लावायचा आग्रह धरला. त्यांच्या आईने सगळ्या नातवंडांच्या तोंडाला तेच लावलं होतं. आबांना त्यांच्या लहानपणचं, खेड तालुक्यातल्या गावी दवाखान्यात मिळायचं ते जांभळं औषध आठवलं. सगळं तोंड रंगायचं, पण गुण यायचा, म्हणाले. ते जेन्शन व्हायोलेट, आणि बुरशीवर ते खरंच चालतं. टाकणखाराला मात्र डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं. तो पोटात गेलेला चांगला नाही, आणि लहान मुलांना तर अजिबातच देऊ नये.

तोंड सुधारू लागलं. आणि तेव्हाच आबांचं जेवण कमी झालं. आधी वाटलं चव गेलीय. मग एक दिवस त्यांनी भाकरीचा घास गिळताना छातीच्या हाडामागे हात दाबून धरला. "खाली उतरेना. तिथे कुणीतरी तिखट चोळल्यासारखं होतंय." पाणी पितानाही दुखत होतं. नाचणीची आंबील गार करून दिली तर तेवढी जायची.

आता डॉक्टरांनी आम्हाला फिजिशियनकडे पाठवलं. त्या बाईंनी पहिल्या दोन मिनिटांत जे सांगितलं त्याने माझा सगळा गोंधळ एका धाग्यात आला. प्रश्न फक्त बुरशी आहे का एवढाच नाही, ती कुठवर गेलीय हा आहे. तोंडात आहे तोवर वरून लावायचं औषध पुरतं. ती अन्ननलिकेत उतरली की पेंट तिथे पोचत नाही, पोचला तरी टिकत नाही. तिथे पोटात घ्यायचं औषधच लागतं. तोंडात बुरशी आणि गिळताना छातीमागे दुखणं, या दोन गोष्टी एकत्र असल्या की अन्ननलिकेतली बुरशी गृहीत धरून उपचार सुरू करतात.

"दुर्बीण न घालता?" मी विचारलं. माझ्या कामात मोजल्याशिवाय पार्ट पुढे जात नाही.

त्या म्हणाल्या, आधी औषध देऊन बघणं हीसुद्धा एक चाचणीच आहे. बहुतेकांचं दुखणं आठवड्याभरात कमी होतं. नाही झालं तर एंडोस्कोपी करायची, तुकडा घ्यायचा, कारण मग दुसरा संसर्ग असू शकतो, औषधाला न जुमानणारी दुसऱ्या जातीची कँडिडा असू शकते, किंवा आणखी काही. रक्ताच्या उलट्या, अजिबात गिळता न येणं, वजन झरझर उतरणं असं काही असतं तर त्यांनी वाट पाहिली नसती.

औषध फ्लुकोनाझोल. हे नाव मी आमच्या लाइनवरच्या मुलींकडून ऐकलं होतं. दुकानातून १५० मिलिग्रॅमची एकच गोळी आणून घेतात ती. अन्ननलिकेसाठी एका गोळीने भागत नाही. रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, आणि १४ ते २१ दिवस. पहिल्या दिवशी दुप्पट. रोज एकदाच का, तर हे औषध अंगात बराच वेळ टिकतं, लाळेतूनही बाहेर पडतं, त्यामुळे तोंडालाही लागू होतं. मूत्रपिंडावाटे निघून जातं, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासलं.

मग त्यांनी आबांच्या बाकीच्या गोळ्या मागितल्या. मी सगळा डबाच नेला होता, आणि तो नेला याचं मला आजही समाधान आहे. साखरेसाठी आबा ग्लिमेपिराइड घेतात. फ्लुकोनाझोल यकृतातलं, ही गोळी मोडणारं विकर अडवतं. मग ती रक्तात साचते आणि साखर एकदम खाली येऊ शकते. बाईंनी तिचा डोस कमी केला, घरी ग्लुकोमीटरवर दिवसातून दोनदा साखर बघायला सांगितली, आणि घाम, थरथर, घाबरल्यासारखं वाटलं तर लगेच साखर-पाणी द्या म्हणाल्या. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचंही असंच होतं, गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. इतक्या घरांत इतके मधुमेही असताना ही गोळी चिठ्ठीशिवाय सहज हातात पडते, याची मला मनापासून भीती वाटते.

त्यांनी एचआयव्हीची चाचणीही लिहून दिली. नवऱ्याचा चेहरा पडला. "आबांची?" बाई शांतपणे म्हणाल्या, अन्ननलिकेत बुरशी आढळली की ही चाचणी सगळ्यांचीच करतात, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. प्रतिकारशक्ती खूप खालावली की हा आजार होतो आणि एचआयव्हीचं पहिलं लक्षण म्हणूनही तो समोर येतो. सरकारी रुग्णालयांच्या आयसीटीसी केंद्रांत ही चाचणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात. आबांनी सुईसाठी हात पुढे केला आणि विषय संपवला. अहवाल निगेटिव्ह आला. पण मला लाइनवरची मुलं आठवली. बिहार, ओडिशा, मराठवाड्यातून आलेली, एका खोलीत सात-आठ जण राहणारी. त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडात असं पांढरं आलं तर तो मेसमधल्या तिखटाला दोष देईल आणि कामावर येत राहील. त्याला कोण सांगणार, की ही चाचणी कर, आणि पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नकोस, औषधं आहेत?

आबा गोळी घ्यायचे तेव्हा पाकीट उलटसुलट करून बघायचे. त्यांनी सगळी नोकरी एच.ए.त काढली. एच.ए. म्हणजे आमच्या पिंपरीतली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना, १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला, १९५५ पासून पेनिसिलिन बनवू लागलेला. आबा बाटल्या भरण्याच्या विभागात होते. एका दुपारी ते म्हणाले, "बुरशीचं औषध आमच्याकडेही निघालं होतं. हॅमायसिन."

मला वाटलं आठवणीत काही मिसळतंय. मी शोधून वाचलं, तर अक्षर न्‌ अक्षर खरं निघालं. एच.ए.च्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून हे औषध काढलं आणि १९६१ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. भारतात तयार झालेल्या बुरशीवरच्या सुरुवातीच्या प्रतिजैविकांपैकी हे एक. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन शास्त्रज्ञ बायकांनी १९५० साली व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीतून निस्टॅटिन शोधलं होतं. हॅमायसिन त्याच कुळातलं, पण पाण्यात त्याहून जास्त विरघळणारं. ही औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्याला चिकटतात आणि आवरणाला भोकं पाडतात. माणसाच्या पेशीत एर्गोस्टेरॉल नसतं, कोलेस्टेरॉल असतं, म्हणून बुरशी मरते आणि आपण वाचतो. क्लोट्रिमाझोल आणि फ्लुकोनाझोल ही पुढच्या काळातली. ती एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

हॅमायसिनचा मुख्य वापर कशासाठी होता? त्वचेच्या आणि कानाच्या बुरशीसाठी, बायकांच्या अंगावरून जाण्यावर, आणि तोंडातल्या याच पांढऱ्या थरासाठी. तेही मुख्यतः वरून लावण्यापुरतंच. म्हणजे अन्ननलिकेसाठी ते आबांच्या उपयोगाचं नव्हतंच. तरी मी आमच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात विचारलं. काउंटरवरच्या मुलाने नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्याचं दुकान एच.ए. कॉलनीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

मला ही गोष्ट विलक्षण वाटते. पेनिसिलिन ही बुरशीने जिवाणूंविरुद्ध बनवलेली वस्तू, आणि हॅमायसिन ही जिवाणूने बुरशीविरुद्ध बनवलेली. दोन्ही एकाच कंपाउंडमध्ये तयार व्हायच्या. आणि आबांच्या तोंडातही तेच भांडण चाललं होतं. छातीसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकने तोंडातले जिवाणू मेले, त्यांच्या धाकात असलेली बुरशी मोकळी सुटली. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही लोकांनी आमच्या कंपनीच्या भिंतीपलीकडे कधी बघितलंच नाही." खरंच आहे. त्या गर्द झाडीतल्या भिंतीला लागून मी वर्षानुवर्षं कंपनीची बस पकडते आहे.

दुखणं कमी झालं. आधी पाणी जाऊ लागलं, मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. दुर्बीण लागली नाही. पण बाईंनी आधीच बजावलं होतं की बुरशी मारणं हा निम्मा उपचार. ती का वाढली ते शोधलं नाही तर पुन्हा येईल. हे मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की व्हाय-व्हाय करायला बसतात. डाग का? तेल का? सील का गळालं? शेवटच्या "का"पर्यंत गेल्याशिवाय कागदावर सही होत नाही.

आबांच्या बाबतीत "का" बरेच निघाले. अँटिबायोटिक, स्टेरॉइडच्या गोळ्या, वाढलेली साखर, दिवसरात्र तोंडात असलेली सैल कवळी, कोरडं तोंड. आणि सगळ्यांच्या मुळाशी रोजचा पंप. आबांचा पंप कॅप्सूल फोडून पूड ओढायचा होता. त्यातलं बुडेसोनाइड हे स्टेरॉइड दम्यासाठी जीव वाचवणारं आहे, पण ओढलेल्या औषधाचा मोठा भाग फुप्फुसात न जाता तोंडात आणि घशातच बसतो. तिथली प्रतिकारशक्ती तो दाबतो. उपाय इतका सोपा की ऐकून मी रडायच्या बेताला आले: पंप घेतल्यावर लगेच पाण्याने खळखळून चूळ भरायची, घशापर्यंत गुळण्या करायच्या आणि थुंकून टाकायचं. पाणी पिऊन टाकणं म्हणजे चूळ नाही. बाईंनी पंपही बदलून दिला. आता फवाऱ्याचा पंप आणि त्याला लावायचा स्पेसर. ही प्लॅस्टिकची नळी फवारा आधी आपल्यात घेते, जड थेंब तिच्याच भिंतीवर राहतात, बारीक थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. दोन दाब द्यायचे असले तर एकेक करून. पंप मात्र मनाने बंद करायचा नाही, हे त्यांनी आबांना तीनदा म्हणायला लावलं.

आमच्या पावडर कोटिंग आणि फाउंड्रीच्या बाजूला काम करणाऱ्यांत पंपवाले बरेच आहेत. धूळ, धूर, रंगाचा वास. कंपनीच्या वैद्यकीय कक्षातल्या सिस्टरांना मी विचारलं, चुळीचं कुणी सांगतं का? त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या कूलरशेजारी ठळक मराठी-हिंदीत कागद लावला. एक वेल्डर मला कँटीनमध्ये येऊन म्हणाला, "ताई, मला तर वाटायचं पंप घेतल्यावर पाणी प्यायचंच नसतं, औषध धुऊन जातं म्हणून." तो महिनोन्‌महिने बसलेला आवाज घेऊन फिरत होता. स्टेरॉइडच्या पंपाने आवाजही बसतो, हे मला फिजिशियनबाईंनीच सांगितलं होतं. त्याला मी त्याच्या डॉक्टरांकडे जाऊन घसा दाखवायला लावलं.

आबांची तीन महिन्यांची सरासरी साखर अजून हवी तेवढी खाली आलेली नाही, ते काम चालू आहे. कवळी नवीन करायला टाकली आहे. दंतवैद्य म्हणाले, जुन्या कवळीच्या आत हिरड्या झिजून जागा झालीय, ती घासते आणि घासल्या जागी बुरशीला आयतं बस्तान मिळतं. सोमवारी माप द्यायला जायचंय. माझी त्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, त्यामुळे सकाळी मीच त्यांना घेऊन जाईन.